कापराने मेंदू धुऊन निघत नाही

सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या फुलांमागून हल्ली एक मजकूर येतो: ‘हवेच्या प्रदूषणाने अल्झायमर होतो हा शहरवाल्यांचा बागुलबुवा आहे.’ पुढे सहा मुद्दे. एक, हा आजार रक्तातून येतो, हवेचा संबंध नाही. दोन, समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत धूळ टिकत नाही, तेव्हा गोवेकरांनी निश्चिंत असावं. तीन, विसरायला लागलेल्या माणसाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून २१ रात्री कापूर, धूप आणि राळ जाळा, मेंदूवरचा मळ उतरतो. चार, नाकात तुपाचे दोन थेंब घाला, कण वर चढत नाहीत. पाच, खाटेशेजारी स्नेक प्लांटची कुंडी ठेवा. सहा, एवढं केलं की डॉक्टरांच्या गोळ्या लागत नाहीत. शेवटी, ‘दहा वडीलधाऱ्यांना पाठवा.’

लोकांनी इमानेइतबारे पाठवला. घरातल्या आजीपर्यंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीची खिडकी बंद. म्हणून हा खटाटोप. क्रमाने जात नाही. तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे बरेचसे नुसते चुकीचे आहेत, हा माणसाला आजारी पाडणारा आहे.

काहीही जाळलं की धूर होतो, आणि त्या धुरातले बहुतेक कण पीएम २.५ या गटातले, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक. डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. हे कण ट्रकच्या नळीतून आले की धुपाटण्यातून, फुप्फुसाला दोन्ही सारखेच.

आता हिशेब करू. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत १ ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमहून अधिक कण निघाले. सिगारेटचे १ ग्रॅममागे साधारण १० मिलिग्रॅम. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. ४५ मिलिग्रॅम म्हणजे ४५,००० मायक्रोग्रॅम. भागिले ३४. घनमीटरला १३००च्या वर मायक्रोग्रॅम! आपल्या देशाची पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. अर्धा धूर फटींतून गेला किंवा भिंतींना लागला असं धरलं तरी साडेसहाशे उरतात. कोणी म्हणेल, मर्यादा दिवसभराच्या सरासरीची आणि हा आकडा ऐन धुराचा. बरोबर. पण खिडकी उघडी असती तर तो भराभर उतरला असता. इथे ती मुद्दाम लावून घ्यायला सांगितली आहे. आणि हे एका उदबत्तीचं झालं. मजकुरात धूप, राळ, कापूर तिन्ही एकदम, २१ रात्री.

‘कापूर वेगळा, त्याचा धूर होत नाही’ हे हमखास ऐकायला मिळतं. कापराच्या ज्योतीवर स्टीलची वाटी दहा सेकंद पालथी धरा आणि बूड पाहा. काजळी धरलेली असते. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा अणू आणि ऑक्सिजनचा एकच. तो पिवळ्या ज्योतीने, काजळी सोडतच जळतो. दुसरा धोका त्याच्या वड्यांचा. त्या खडीसाखरेसारख्या दिसतात, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झालेली माणसं हाती लागेल ते तोंडात घालू शकतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. अशा घरात कापराची डबी कुलपात हवी.

सगळ्यात वाईट म्हणजे धुपाटण्यातले निखारे. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठला की माणूस सुस्तावतो, डोकं जड होतं, बोलणं भरकटतं, आणि घरचे म्हणतात, ‘आज कशी शांत झोप लागली, गुण आला!’ ही झोप जिवावर बेतू शकते. धूप घालायचाच असेल तर अंगणात, तुळशीपाशी घाला, आणि निखारे विझल्याशिवाय भांडं आत आणू नका.

डासांच्या कॉइलचंही तेच. २००३ साली झालेल्या मोजणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ निघाले. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेखाली कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी कधीही बरी.

सहावा मुद्दा लगेच घेतो, कारण तो याच्याच शेपटाला बांधलेला आहे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन किंवा मेमँटिन या गोळ्या आजार बरा करत नाहीत, हे खरं. पण त्या चालू असताना जे जमत असतं, स्वतः जेवणं, नावानं हाक मारणं, ते गोळ्या बंद केल्यावर झपाट्याने जाऊ शकतं. मध्यम ते तीव्र अल्झायमरच्या रुग्णांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत डोनेपेझिल थांबवलेल्यांची घसरण चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त झाली. रिव्हास्टिग्मिनची आणखी एक गोम आहे. तीन दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा जुन्याच मात्रेवर सुरू करायचं नसतं. सगळ्यात खालच्या मात्रेपासून चढत जावं लागतं, नाहीतर उलट्यांनी माणूस बेजार होतो. म्हणजे मजकूर वाचून गोळ्या बंद केल्या आणि आठवड्याने पश्चात्ताप झाला, तर पाकीट उघडून चालू करू नका. आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन.

आता समुद्राची हवा. इथे थोडं मान्य करावं लागेल. दिल्लीच्या मानाने आपली, गोव्याची हवा चांगली आहे, वाद नाही. पण ती खारेपणाने स्वच्छ होत नाही. कण धुऊन काढतो तो पाऊस, आणि तो जून ते सप्टेंबर पडतो. एरवी दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे धूर पातळ करतात. रात्री उलट, जमिनीकडून मंद मतलई वारे सुटतात. डिसेंबर-जानेवारीत जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. संध्याकाळी वाड्यावर पेटवलेल्या पाल्याचा धूर त्या झाकणाखालीच राहतो. सकाळी सातला शेतावर जे पांढरं पसरलेलं दिसतं, ते सगळंच धुकं नसतं.

आपल्याकडचा धूर येतो कुठून? आंघोळीच्या पाण्याच्या भाणाखाली (हंड्याखाली) चुडतं म्हणजे माडाची झावळं, सोडणं म्हणजे नारळाची सालं, करवंट्या. काजूचा सुका पाला. त्याच ढिगात हळूच सरकवलेल्या दुधाच्या पिशव्या. हायवेवरची डिझेलची वाहनं. आणि कचऱ्याचे डोंगर: मडगावजवळच्या सोनसडोला २०१९ च्या मे महिन्यात आग लागली तेव्हा खाऱ्या वाऱ्याने कोणाचं नाक वाचवलं?

वास्कोतला कोळसा आणि कुडचडे, डिचोलीकडची खनिजाची धूळ यांचं गणित जरा वेगळं आहे, आणि इथे आपल्या बाजूचे लोकही घसरतात. कठड्यावर बोटाने पुसून दाखवता येते ती काळी किंवा तांबडी पूड मुख्यतः जाड कणांची. नाकाला, दम्याला, वाळत घातलेल्या कपड्यांना तिचा त्रास खराच, पण मेंदूच्या संशोधनात गुन्हेगार म्हणून पुढे येतो तो न दिसणारा बारीक धूर. २०१६ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या ३७ माणसांच्या मेंदूंत मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण सापडले. ‘बघा, खाणीचं लोखंड मेंदूत!’ असा त्याचा अर्थ काहींनी लावला. पण त्यातले बरेच कण गोल, वितळून गोठल्यासारखे होते, म्हणजे जळण्यातून किंवा ब्रेक घासण्यासारख्या उष्णतेतून तयार झालेले. दगड दळून असा आकार येत नाही. शिवाय कण सापडले म्हणजे आजार त्यांनीच केला, असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही.

पहिला मुद्दा, ‘रक्तातून येतो’. एकाच जनुकाच्या दोषाने घराण्यात हमखास उतरणारा अल्झायमर १ टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो. एपीओई-४ नावाचं जनुकरूप धोका वाढवतं, पण ते असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. उरलेल्या कारणांसाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४चा अहवाल पाहावा. टाळता किंवा कमी करता येतील अशी १४ कारणं त्यात आहेत आणि सगळी मिळून जगातल्या सुमारे ४५ टक्के डिमेन्शियाशी त्यांचा संबंध लावला आहे. हवेचं प्रदूषण त्या यादीत २०२० पासून आहे. वाटा किती? सुमारे ३ टक्के. कमी ऐकू येण्याचा ७, वाढलेल्या एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉलचा ७. तेव्हा ‘प्रदूषणाचा बाऊ करतात’ या तक्रारीत, नाइलाजाने म्हणतो, तथ्याचा एक कण आहे. हवेवर तावातावाने बोलणारा माणूस आजोबांचं श्रवणयंत्र खणात पडू देत असेल तर त्याचं प्राधान्य चुकलं आहे. पण ३ टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि हवा एकाच्या नाही, गावाच्या नाकात जाते.

२०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ५१ अभ्यास एकत्र केले. पीएम २.५ घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं तर डिमेन्शियाचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो, असं निघालं. हे वाचून ‘शंभरातल्या सतरांना होणार’ असा उलटा मजकूर कोणी करू नये. शंभरात सात जणांना होणार असेल तर त्यांचे आठेक होतील, एवढाच अर्थ. आणि हा परिणाम वर्षानुवर्षांच्या श्वासाचा आहे. म्हणून २१ रात्रींत काही ‘उतरत’ही नाही. दुसरी बाजू अशी की अमेरिकेत जिथे दहा वर्षांत हवा सुधारली तिथल्या वृद्ध स्त्रियांत डिमेन्शियाचं प्रमाण कमी आढळलं, असा २०२२चा अभ्यास आहे.

नाकातलं तूप. नाकाच्या छतातून गंधाच्या मज्जातंतूंवाटे अतिसूक्ष्म कण मेंदूत शिरू शकतात, हे प्राण्यांत दिसलं आहे. मजकूरवाल्याने ते कुठेतरी अर्धवट वाचलं असावं. पण तूप नाकाच्या पुढच्या भागात पसरतं, आणि कणांचा मोठा रस्ता फुप्फुसातून रक्तात जातो. कोरड्या नाकाला आराम मिळेल, बस्स. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या नाकात मात्र तूप-तेल घालूच नका. ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

कुंडी शोभेला ठेवा. उघड्या खिडकीइतकी हवा झाडांनी शुद्ध करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील, असा जुन्या प्रयोगांच्या फेरतपासणीचा निष्कर्ष आहे.

रस्त्यालगतचं घर असेल आणि हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर जाहिरातीतले चौरस फूट पाहू नका, शुद्ध हवेचा दर पाहा. ३४ घनमीटरच्या खोलीतली हवा तासाला पाच वेळा फिरवायची तर तासाला १७० घनमीटर लागतात. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर हवा. ओझोन सोडणारं यंत्र नको. यंत्र चालू असताना खिडकी लावा, बंद असताना दुपारी खारा वारा सुटला की रस्त्याच्या उलट बाजूची उघडा. आपल्याकडच्या दमट हवेत फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच कुबट होऊ शकतो. वास आला की बदला. पाण्याने धुऊन पुन्हा बसवू नका, त्याचे धागे खराब होतात.