कबुली कोर्टातली, अटॅक मैदानातला

नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोरोना लसीबद्दलचा तोच मेसेज मे २०२४ पासून मी पाच-सहा वेळा तरी वाचला असेल. निमित्त दर वेळी एकच. जवळपास कोणी तरुण माणूस अचानक जातो. या वेळी तो आमच्याच गल्लीतला निघाला. वय छत्तीस. सकाळी मैदानावर क्रिकेट खेळता खेळता छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. घरची मंडळी घाटावरून परतायची होती, त्याआधी मेसेज येऊन पडला.

मेसेज असा: "कोविशील्डवाल्या कंपनीने कोर्टात कबूल केलं, लसीने रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणूनच पोरं पटापट अटॅकने जाऊन राहिली. दहा वर्षं लागणारी लस दहा महिन्यांत आणली, आपल्यावरच प्रयोग केला. अन् फायदा काय झाला? दवाखान्यात भरती झालेले अर्धे लोक लस घेतलेलेच होते. ज्यांनी नाही घेतली ते ठणठणीत आहेत."

मी डॉक्टर नाही. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. म्हणून मेसेजचा क्रम सोडून माझ्या हद्दीतल्या वाक्यापासून सुरू करतो: "भरती झालेले अर्धे लोक लस घेतलेलेच होते."

हे वाक्य खरं असू शकतं. गंमत त्यातच आहे. समजा, एका वस्तीत हजार माणसं आहेत. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. आकडे नुसते समजण्यापुरते. लाट आली, लस घेतलेल्यांपैकी १८ जण भरती झाले, न घेतलेल्यांपैकी १२. आता वॉर्डात उभं राहून खाटा मोजा: ३० पैकी १८ लसवाले. "पाहा, लसवालेच जास्त!" पण ९०० पैकी १८ म्हणजे शेकडा २, आणि १०० पैकी १२ म्हणजे शेकडा १२. धोका सहापट न घेणाऱ्यांनाच. वस्तीत सगळ्यांनीच लस घेतली असती, तर भरती होणारा प्रत्येक जण लसवालाच असता. हाच प्रश्न मी परीक्षेत वेगवेगळे वेष चढवून घालत असे, आणि अर्धा वर्ग दर वर्षी चुकायचा. त्यामुळे मेसेज पाठवणाऱ्याला मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही.

खाटा मोजण्याऐवजी माणसं मोजली की काय दिसतं? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. दोन्ही डोस झालेल्यांमध्ये संसर्ग ६५ टक्क्यांनी कमी, भरती व्हायची वेळ येणं ७७ टक्क्यांनी कमी, ऑक्सिजन लागणं ९२ टक्क्यांनी कमी, आयसीयू ९४ टक्क्यांनी कमी. या चार आकड्यांचा चढता क्रम पाहा. लसीचं खरं काम शेवटच्या दोन पायऱ्यांवर होतं. कोरोना होऊ न देण्यात ती मध्यम होती, ऑक्सिजनपर्यंत जाऊ न देण्यात पक्की.

आणि नागपूरची आठवण मेसेजवाल्यांनी जरा तारखा लावून काढावी. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली १ एप्रिल २०२१ ला. त्याच महिन्यात जिल्ह्यात दिवसाला सात हजारांहून जास्त रुग्ण निघत होते, मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांत खाट मिळत नव्हती, विशाखापट्टणमहून रेल्वेने ऑक्सिजनचे टँकर येत होते. म्हणजे लस आणि लाट एकाच दारातून आत शिरली. लसीचा असर यायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरा डोस तर बहुतेकांचा लांबच होता. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आलं. इंग्लंडमधल्या अभ्यासात डेल्टा या कोरोनाच्या प्रकाराविरुद्ध या लसीचा एक डोस सुमारे ३० टक्के आणि दोन डोस ६७ टक्के उपयोगी ठरले. एका डोसवर, तोही आठ दिवसांपूर्वीचा, आपण डेल्टाच्या समोर उभे होतो. "लस घेतली अन् झाला" असं त्या एप्रिलमध्ये घराघरात का ऐकू आलं, ते यात आहे. अनेकांना तर संसर्ग आधीच झालेला असेल, लक्षणं नंतर दिसली.

इथे एक दोष मात्र लस विकणाऱ्या भाषेचाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने 'मिशन कवच कुंडल' नावाने मोहीम काढली. कर्णाची कवचकुंडलं म्हटल्यावर माणूस काय समजणार? की बाण लागणारच नाही. मग दोन-तीन महिन्यांत ओमिक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार आला, दोन्ही डोसवाले घरोघरी तापाने पडले, आणि लोकांना वाटलं आपल्याला फसवलं. त्यापेक्षा आपला मे महिन्यातला दुपट्टा सांगितला असता तर बरं होतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून बर्डीच्या बाजारात गेलं तरी ऊन लागतंच, पण माणूस चक्कर येऊन पडत नाही. नागपुरात कोणी "दुपट्टा फालतू आहे" म्हणून मेसेज फिरवत नाही.

"दहा महिन्यांत कशी?" यातला अर्धा भाग बिनबुडाचा आहे, अर्धा नाही. कोविशील्ड ऑक्सफर्डच्या संशोधकांची, आणि तिचा सांगाडा आधीच तयार होता. मर्स नावाच्या दुसऱ्या कोरोना आजारासाठी त्यावर काम झालं होतं. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीची पद्धत तर मेलेला विषाणू टोचायची, साल्कच्या पोलिओ लसीइतकी जुनी. वेळ वाचला तो पैसा, कागद आणि रांगेचा. शिवाय चाचणीला रुग्ण लागतात, आणि साथीत रुग्णांचा तुटवडा नव्हता. पण कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा आकडा हातात नव्हता, हे खरंच आहे. तेव्हा ज्यांनी शंका घेतली त्यांना देशद्रोही ठरवायची काही गरज नव्हती. अंतिम आकडा पुढे आला, लक्षणं असलेल्या आजारावर ७७.८ टक्के. तो आधी आला असता तर आज निम्मे मेसेज जन्मालाच आले नसते.

"ज्यांनी नाही घेतली ते ठणठणीत": जे ठणठणीत नाहीत, ते मेसेज पाठवायला उरले नाहीत.

आता कबुली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने (कोविशील्ड हे तिच्याच लसीचं भारतातलं नाव) लंडनच्या कोर्टात दिलेल्या कागदांत म्हटलं की अत्यंत क्वचित या लसीमुळे टीटीएस, म्हणजे गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरणं, होऊ शकतो. बातमी एप्रिलअखेर फुटली. पण युरोपच्या औषध नियामकाने हाच दुष्परिणाम एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केला होता. तीन वर्षांपूर्वी छापलेलं कोर्टात म्हटलं, एवढीच ती कबुली.  टीटीएस बहुतेक वेळा डोसनंतर चार-सहा आठवड्यांच्या आत होतो. इंग्लंडमध्ये पहिल्या डोसनंतर प्रमाण पन्नाशीवरच्यांत लाखात एकाच्या आसपास, पन्नाशीखालच्यांत पन्नास हजारांत एक. लसीचे दुष्परिणाम तपासणाऱ्या भारताच्या समितीने मे २०२१ मध्ये दहा लाख डोसमागे ०.६१ असा आकडा दिला. आपल्याकडे नोंद कमी होते, तेव्हा तो थोडा वाढवूनच धरा. ज्या घरात असा मृत्यू झाला त्यांचं दुःख आकड्याने लहान होत नाही, त्यांना भरपाई मिळायला हवी. आणि टोचल्यावर जोराची डोकेदुखी किंवा पाय सुजणं दिसलं तर लगेच या, हे मला लस टोचली तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. "अर्धा तास बसा, ताप आला तर गोळी घ्या", संपलं.

पण २०२१ साली घेतलेल्या डोसने चार वर्षांनी मैदानावर माणूस पडणं, हा तो आजार नव्हे.

मग तरुण का जातात? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ अचानक मृत्यूंची तुलना २,९१६ जिवंत माणसांशी केली. दोन डोस घेतलेल्यांत असे मृत्यू कमी निघाले. लस घेणारे मुळातच तब्येत जपणारे असतील, असा आक्षेप घेता येतो. मी तो घेतो, आणि म्हणून "लस अटॅकपासून वाचवते" असं म्हणणार नाही. पण मेसेजवाले म्हणतात तसा उलटा कल असता तर त्याने कुठे तरी डोकं वर काढलं असतं. वाढलेला धोका दिसला तो वेगळ्याच गोष्टींत: कोविडमुळे भरती व्हावं लागलेलं, नशेचे पदार्थ, आधीच्या ४८ तासांतली भरपूर दारू, आधीच्या दोन दिवसांतली जोरकस मेहनत, आणि घरात आधी कोणी असं अचानक गेलेलं असणं.

हे शेवटचं मी ग्रुपवर लिहिलं नाही. तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "त्या लसीनंच खाल्लं जी पोराला." मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, घरात आधी कोणी असं गेलं होतं का? थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "माझा मोठा भाऊ. चाळिशीत. शेतात." बाजूला धाकटा मुलगा उभा होता, एकतीस वर्षांचा. त्याला म्हटलं, एक ईसीजी आणि एको करून घे रे बाबा, कोलेस्टेरॉलही बघ. तो म्हणाला, "काका, मला काऊन? मी तर एकच डोस घेतला होता."

काल पुन्हा फोन केला. म्हणाला, पुढच्या सोमवारी बघतो.