मुलांना नियम करू द्या, म्हणजे ती आजार लपवणार नाहीत

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की वर्गावर्गांत आरोग्याचे तक्ते लागतात. नखे कापावीत. दात दोनदा घासावेत. जेवणापूर्वी हात धुवावेत. स्वच्छ रुमाल आणावा. अक्षर सुबक असतं, कडेला वेलबुट्टी असते, आणि गणपती येईपर्यंत त्या तक्त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी पुण्यातल्या एका शाळेत सहावीला शिकवते. माझं आता पक्कं मत झालंय की हे तयार तक्ते लावणं थांबवायला हवं. वर्गातले आरोग्याचे नियम त्या वर्गातल्या मुलांनीच एकत्र बसून ठरवावेत. शिक्षकाने माहिती पुरवावी, प्रश्न विचारावेत आणि फळ्यावर लिहून घ्यावं.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "त्यांना काय कळतंय?"

मुलांना जे कळतं ते मला स्टाफरूममध्ये बसून कळणं शक्यच नाही. "शाळेत आपण आजारी कशाने पडतो?" एवढंच मी वर्गाला विचारलं होतं. नखांचा विषय कुणी काढला नाही. थोडा वेळ कुणी बोललंच नाही, मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या बाथरूमच्या एका दाराला आतून कडी नाहीये." मग एकेक गोष्ट बाहेर आली. कडी नाही म्हणून बाहेर मैत्रीण उभी करावी लागते. मैत्रीण मिळाली नाही तर घरी जाईपर्यंत धरून ठेवायचं. धरून ठेवायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. भरलेली बाटली तशीच घरी परत जाते आणि आईला वाटतं, पोरगी आळशी आहे. पाणी कमी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं यातून मुलींना लघवीच्या जागेचा संसर्ग होतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. आमच्या भिंतीवर मात्र "भरपूर पाणी प्या" असं लिहिलेलं होतं.

हात धुण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साबणाने हात नीट धुवायला, ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत, ४० ते ६० सेकंद लागतात. हे मी सांगितल्यावर मुलांनी लगेच हिशोब मांडला. आमच्या मजल्यावर नळ तीन, वर्गात मुलं पंचेचाळीस. एका नळावर पंधरा जण, प्रत्येकी ४० सेकंद धरले तरी दहा मिनिटं. मधली सुट्टी वीस मिनिटांची, आणि त्याच नळांवर शेजारची तुकडीही येते. मग डबा कधी खायचा? हा प्रश्न इतकी वर्षं आम्हा मोठ्यांपैकी कुणालाही पडला नव्हता. मुलांनीच तोड काढली: रांगेप्रमाणे अर्धा वर्ग घंटेच्या आधी हात धुवून येईल, उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी आधी जाईल. माझ्या तासातली काही मिनिटं त्यात जातात. मी ती आनंदाने देते.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती लपवालपवी. नियम वरून आला आणि त्याच्या मागे शिक्षा असली की माणूस आजार लपवतो. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १८९७ साली प्लेगच्या वेळी रँडच्या कमिटीने सोजिरांकरवी घरं झडतली, माणसं ओढून छावण्यांत नेली. रोगी वेगळा ठेवायचा हा उपाय शास्त्राला धरूनच होता. पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना कुणी विश्वासात घेतलं नाही, आणि लोक घरातले रोगी माळ्यावर, कोपऱ्यात दडवू लागले. पुढे २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर काय झालं ते आपण शाळेतच शिकतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथ एकच, शहर एकच. एका बाजूला लोक आजार दडवत होते, दुसऱ्या बाजूला रोगी विश्वासाने उपचाराला येत होते.

वर्गातही मुलं लपवतात. उवा लपवतात, जुलाब लपवतात, पाळी आलेली लपवतात, अंगात ताप असला तरी दप्तर घेऊन येतात. उवांचंच बघा. पूर्वी सगळ्यांसमोर डोकी तपासायची पद्धत होती. जिच्या डोक्यात उवा निघाल्या तिच्याशेजारी महिनाभर कुणी बसत नसे. खरं तर उवांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. धुतलेल्या केसांतही त्या होतात, कारण त्या डोक्याला डोकं लागून एकीकडून दुसरीकडे जातात. एवढी माहिती दिल्यावर आमच्या वर्गाने केलेला नियम असा: कुणाचंही डोकं चारचौघांत तपासायचं नाही. ज्याला खाज येते त्याने बाईंना चिठ्ठी द्यायची, आणि चिठ्ठी कुणाची हे बाईंनी सांगायचं नाही. यातलं शेवटचं कलम माझ्यासाठी आहे. मी ते पाळते. आता चिठ्ठ्या येतात, पूर्वी काहीच येत नव्हतं.

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत आणि मग पुण्यात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, आठवत असेल. डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, असं मुलांना ठाम वाटतं. (बऱ्याच मोठ्यांनाही वाटतं.) त्यामुळे चर्चेत पहिला प्रस्ताव होता की अशा मुलाकडे कुणी बघायचंच नाही. बघितल्याने डोळे येत नाहीत, डोळ्याला लागलेला हात, टॉवेल, रुमाल यांतून ते पसरतं, हे मी सांगितलं. मग बराच वाद झाला आणि नियम बदलला: डोळे आले तर घरी थांबायचं, रुमाल कुणाचा वापरायचा नाही, आणि घरी थांबलेल्याला रोजचा अभ्यास शेजारच्याने पाठवायचा. मी एकटीने नियम केला असता तर अभ्यासाचं कलम माझ्या डोक्यात आलंच नसतं. पण मुलं अभ्यास बुडेल या भीतीनेच लाल डोळे घेऊन वर्गात येत होती.

आणखी एक. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात गुइलेन बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले आणि दूषित पाण्याची चर्चा घराघरांत सुरू झाली. नियम ठरवताना मुलांनी तो विषय काढला. उकळलेलं पाणी घरून आणू, दुसऱ्याची बाटली तोंडाला लावणार नाही, इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग एकाने विचारलं, "बाई, शाळेची टाकी शेवटची कधी धुतली?" मला माहीत नव्हतं. शिपाईमामांनाही नक्की सांगता येईना. मुलांनी मागणी केली की टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहायची. आज ती लिहिलेली आहे.

या ठिकाणी मोठी माणसं अस्वस्थ होतात, हे मी पाहिलंय. मुलांनी हात धुण्याची शपथ घेतली की सगळे खूश. १५ ऑक्टोबरला हात धुवा दिवस असतो, फोटो निघतात, ग्रुपवर टाकले जातात. पण मुलं खरंच विचार करायला लागली की त्यांचे निम्मे नियम शाळेकडे बोट दाखवतात: कडी लावा, साबण कपाटात कुलूप लावून ठेवू नका, टाकी धुवा, कचऱ्याच्या डब्याला झाकण द्या. ते ऐकायची तयारी नसेल तर मुलांना मत विचारूच नये. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. तिन्हींना त्याने सहभाग मानलंच नाही. आपल्या कितीतरी बाल संसदा अजून तिथेच आहेत.

हे काही माझ्या मनातलं खूळ नाही. मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १२ वं कलम सांगतं, आणि १९९२ पासून भारत त्या संहितेत सामील आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर शाळेचे नियम करताना मुलांना सोबत घ्यावं, म्हणजे नियमामागचं कारण त्यांना कळेल, असं स्पष्ट म्हटलंय. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय आला, तेव्हा माझ्या आजूबाजूला बसवाल्यांचं, पालकांचं, संस्थाचालकांचं मत सगळ्यांनी विचारलं. ज्यांच्या झोपेसाठी हे चाललं होतं त्या मुलांना विचारताना मी कुणाला पाहिलं नाही.

मुलांवर सगळं सोपवावं असं मी म्हणत नाही. लस घ्यायची की नाही, १० फेब्रुवारीला जंताची गोळी द्यायची की नाही, यावर वर्गात हात वर करून मतदान होत नसतं. ते डॉक्टर आणि पालकांनी बघायचं. मुलांनी काढलेले वैद्यकीय निष्कर्षही तपासून घ्यावे लागतात, बघितल्याने डोळे येतात यासारखे. आणि मुलं शिक्षेच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात, हे पालकांना कदाचित खरं वाटणार नाही. रुमाल विसरला तर पाच रुपये दंड, नखं वाढली तर दिवसभर उभं. पहिल्या चर्चेत अशा सूचनांचा पाऊस पडला. तिथे शिक्षकाने मध्ये पडायलाच हवं. मी एवढंच विचारलं की ज्याच्या घरी धुणं दोन दिवसांनी होतं, पाणीच दोन दिवसांनी येतं, त्याने काय करायचं? दंड नेमका कुणाच्या खिशातून जाईल? बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी ठरलं की वर्गाच्या कपाटात जुन्या सुती साड्यांचे शिवलेले रुमाल ठेवायचे, लागेल त्याने घ्यायचे. दंडाचं कलम मुलांनीच खोडलं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, हेही मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. आपल्यासाठी असा कायदा आहे हे बऱ्याच मुलांना माहीतच नव्हतं.

कारण कळलेला नियम टिकतो, हा माझा अनुभव आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडी कोरडी केली की साखळी तुटते. हे समजल्यावर मुलांनी शनिवार निवडला, कारण त्या दिवशी शाळा अर्धी असते. कुंड्यांखालच्या ताटल्या दर शनिवारी उपड्या होतात. मला आठवण करून द्यावी लागत नाही.

सध्या एकाच गोष्टीवर घोडं अडलंय. आमच्या शाळेत वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मिळतं. मुलांचं म्हणणं असं की तापात, खोकल्यात, पोट बिघडलेलं असतानाही मुलं या बक्षिसासाठी येतात, आणि ते मिळवून देण्यात पालकांचाच पुढाकार असतो. त्यांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय: आजारपणाची रजा हजेरीत धरा, नाहीतर हे बक्षीस बंद करा. अर्जाखाली सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत, गेल्या वर्षी ते बक्षीस मिळालेल्या मुलीचीही आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या पालक सभेत मी हा विषय मांडणार आहे. माझ्या वर्गाच्या पालकांनी त्या दिवशी रजा टाकून यावं, आणि येण्याआधी आपल्या मुलाला विचारावं की या वर्षी अंगात ताप असताना तू किती वेळा शाळेत गेलास.