पेट्रोडॉलरचा करार संपला, म्हणे!

मामांनी परवा पहाटे साडेपाचला घरच्या ग्रुपवर पेट्रोडॉलरचा, म्हणजे तेल विकून मिळणाऱ्या डॉलरचा, तो मेसेज पुन्हा टाकला. २०२४ च्या जूनमध्ये तो पहिल्यांदा आला होता. तेव्हापासून अधूनमधून नव्या इमोजी लेवून उगवत असतो. मजकूर थोडक्यात असा: १९७४ मध्ये अमेरिका आणि सौदी अरेबियाने ५० वर्षांचा करार केला, की सौदी आपलं तेल फक्त डॉलरमध्येच विकेल. तो ९ जून २०२४ ला संपला आणि सौदीने वाढवायला नकार दिला. आता भारत रुपये मोजून तेल घेणार, पेट्रोल स्वस्त होणार, आणि विकणाऱ्यांनाच आपली मनधरणी करावी लागणार. शेवटी 'एकही चॅनल हे दाखवणार नाही' आणि तीन तिरंगे.

माझी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली, त्यामुळे राहवलं नाही. मामांशी ग्रुपवर वाद घालणं बरं दिसत नाही, म्हणून इथे लिहितो.

'५० वर्षांचा करार' इथूनच सुरुवात करू. असा करारच झालेला नाही. त्याच्या जवळपास जाणारी खरी घटना ८ जून १९७४ ची. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी सह्या केल्या. त्यातून आर्थिक सहकार्यासाठी एक संयुक्त आयोग निघाला: उद्योग, शेती, तंत्रशिक्षण, आणि जोडीला लष्करी सहकार्य. तेल कुठल्या चलनात विकायचं हे बांधून देणारं कलम त्यात नाही, ५० वर्षांची मुदतही नाही. उलट त्या सह्यांनंतरही १९७४ च्या अखेरीपर्यंत सौदी काही तेलाचे पैसे ब्रिटिश पौंडात घेत होता. आणि ८ जूनपासून मोजली तरी ५० वर्षं ८ जूनला भरतात. मेसेज रचणाऱ्याने एक दिवस सवलतीचा दिला असावा.

मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत अकराच्या पुढे गेला. विकणाऱ्यांकडे पैसा इतका आला की ठेवायचा कुठे हाच प्रश्न. मग १९७४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अर्थमंत्री विल्यम सायमन जेद्दाहला गेले. सौदीने तेलाचा पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत घालायचा आणि त्याची वाच्यता व्हायची नाही, असं ठरलं. ही मूठ पुढची चाळीसेक वर्षं झाकलेली राहिली. सौदीकडे किती रोखे आहेत हा वेगळा आकडा अमेरिकेने थेट २०१६ मध्ये उघड केला: जवळपास ११,७०० कोटी डॉलर. म्हणजे गुपित होतं, पण ते पैसा कुठे ठेवायचा याचं. कशात घ्यायचा याचं नव्हे.

पुढचा मुद्दा, 'सौदीने डॉलर सोडला.' सौदीचे अर्थमंत्री २०२३ च्या जानेवारीत दावोसला म्हणाले, की दुसऱ्या चलनांत व्यवहार करण्यावर बोलायला आमची हरकत नाही. बोलायला हरकत नाही म्हणजे साखरपुडा झाला असं नव्हे. सौदी रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराला बांधलेला आहे. ज्याचं घरचं चलनच डॉलरच्या दावणीला आहे, त्याने तेलाचा पैसा दुसऱ्या चलनात घेतला तर दराचा धोका त्याच्या अंगावर. तो कशाला हौसेने घेईल?

एका जहाजाचा हिशोब सांगतो, म्हणजे तेलाचे पैसे कसे दिले जातात याची कल्पना येईल. दहा लाख पिंपांचं जहाज सौदीच्या रास तनुरा बंदरात भरलं, की बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीवर, तारीख पडते. तिथून साधारण ३० दिवसांनी पैसे द्यायचे. पिंपाला ८० डॉलर धरले तर रक्कम होते ८ कोटी डॉलर. मुंबई काही दिवसांच्या वाटेवर. जहाज मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला, तेल उतरवायच्या बेटाला, लागतं, रिकामं होतं, परत जातं, तेल रिफायनरीत शिरतं, आणि आमच्या टेबलावर अजून 'देय तारीख' यायची असते. भावसुद्धा आधी पक्का नसतो: ओमान आणि दुबईच्या तेलाच्या महिन्याच्या सरासरीवर सौदी कंपनी दरमहा जाहीर करते तेवढे सेंट-डॉलर वर किंवा खाली. एवढ्या रकमेचं उधारखातं वर्षानुवर्षं चालतं ते पत आहे म्हणून.

आता 'रुपयांत तेल'. हा मुद्दा मामांना सर्वात प्रिय, आणि यात थोडं तथ्यही आहे. २०२३ च्या जुलैमध्ये भारत आणि संयुक्त अरब अमिरातीच्या मध्यवर्ती बँकांनी स्थानिक चलनात व्यवहारांचा समझोता केला, आणि १४ ऑगस्टला इंडियन ऑइलने अबू धाबीच्या ॲडनॉक या सरकारी तेल कंपनीकडून दहा लाख पिंपं रुपये देऊन घेतली. बातमी गाजली. पण त्याच वर्षाअखेरीस संसदीय समितीच्या अहवालात पेट्रोलियम मंत्रालयाचंच म्हणणं आलं, की विकणारे रुपया घ्यायला नाखूष आहेत. पैसे हव्या त्या चलनात मायदेशी नेता येतील का याची त्यांना काळजी, बदलण्याचा खर्च वेगळा, आणि दर हलण्याचा धोका वेगळा.

रशियाचंही तेच. २०२३ च्या मे महिन्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी गोव्यात आले होते. भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात न्यावे लागतील, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. अडचण साधी होती. २०२२-२३ मध्ये आपण रशियाकडून सुमारे ४,६०० कोटी डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम ३०० कोटींचा. मामा, तुमच्या किराणावाल्याला महिन्याचं बिल तुम्ही सोडेक्सोच्या कुपनांत दिलंत तर तो काही दिवस घेईल. ड्रॉवर भरला की म्हणेल, आता रोख द्या.

इराणशी हे जमलं होतं. २०१२ पासून तेलाच्या पैशांतला ४५ टक्के हिस्सा यूको बँकेत रुपयांत जमा व्हायचा आणि इराण त्यातून आपल्याकडचा बासमती, चहा, औषधं घ्यायचा. पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराणला दुसरी वाटच नव्हती.

आणि यातली सगळ्यात रंजक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आखातात रुपया एकेकाळी चालत होता! दुबई, कतार, बहारीन, कुवेत इथल्या बाजारात भारतीय रुपया हेच रोजचं चलन होतं. लोक तिथे रुपये देऊन सोनं घेत, ते चोरून इकडे आणत, आणि ते रुपये फिरून रिझर्व्ह बँकेकडे पौंड मागायला येत. या गळतीला आळा घालायला १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असलेल्या. भारतात त्या चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचं चलन आणलं. बाकीचे थांबले होते. मग ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं: डॉलरला ४.७६ रुपये होते, ते ७.५० झाले. दुबईतल्या एखाद्या मोती व्यापाऱ्याच्या पेटीतल्या नोटांचं मोल एका रात्रीत एक-तृतीयांशाहून जास्त उतरलं, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याच वर्षी कतार-दुबईने आपला रियाल काढला, ओमानने १९७० मध्ये. रुपया तिथून गेला तो विश्वास उडाला म्हणून, कुठल्या अमेरिकी कारस्थानाने नाही. आज त्यांच्यापुढे रुपया ठेवताना आपण हे विसरतो. त्यांनी विसरावं अशी अपेक्षा करणं जरा जास्तच.

पेट्रोल स्वस्त होण्याचं म्हणाल, तर रुपयांतलं बिलसुद्धा डॉलरच्या भावाला त्या दिवशीच्या दराने गुणूनच निघतं. वर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतोच.

राहिला शेवटचा मुद्दा, 'त्यांनाच आपली गरज.' गिऱ्हाईक मोठं असलं की जोर येतो, हे खरं. युक्रेन युद्धाआधी रशियन तेलाचा आपल्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढे एक-तृतीयांशाच्या वर गेला, आणि सूट मिळाली त्यात या जोराचाही वाटा होता. पण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणणाऱ्याने गुर्मीची भाषा करताना कतारचा गॅस आठवावा. तिथला आपला करार १९९९ चा. दर जुन्या पाच वर्षांच्या सरासरीवर ठरायचा. २०१५ मध्ये बाजार कोसळला तेव्हा आपल्याला गॅस दुपटीने महाग पडू लागला, म्हणून गॅस आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीने करारापेक्षा कमी उचल केली. कागदाप्रमाणे दंड होत होता सुमारे १२,००० कोटी रुपये. कतारने तो सोडला, आणि सूत्र बदलून दर जवळपास निम्म्यावर आणला. बदल्यात आपण राहिलेला गॅस पुढे उचलायचं कबूल केलं आणि वर्षाला दहा लाख टन जास्त घ्यायचं ठरवलं. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत तोच करार २०२८ ते २०४८ असा २० वर्षांनी वाढवला गेला. कुठे? पुन्हा गोव्यातच. जिथे रशियाने अडकलेल्या रुपयांची तक्रार केली, तिथेच नऊ महिन्यांनी.

विकणारा आणि घेणारा एकाच टेबलाला बसले की काय होतं याचं आणखी एक उदाहरण मंगळुरूला जमिनीखाली आहे. सरकारने खडक पोखरून तेलसाठ्याच्या गुहा केल्या आहेत. त्यातली एक अबू धाबीने भाड्याने घेतली आणि २०१८ पासून तिथे स्वतःचं तेल आणून ठेवलं. तेल त्यांचं, गुहा आपली, आणि आणीबाणी आली तर पहिला हक्क आपला.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. तिथे एवढंच टाकलं: 'मामा, ९ नाही, ८ जून.' मामांनी अंगठा दाखवला आणि मेसेज दुरुस्त तारखेसह आणखी दोन ग्रुपांवर पाठवून दिला.