प्लगिन डीॲक्टिव्हेट केलं म्हणजे धोका टळत नाही

पुण्यातल्या क्लासवाल्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘वर्डप्रेस साइट सुरक्षित ठेवण्याची पाच सूत्रं’ असा एक मेसेज फिरतोय. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि प्लगिन म्हणजे त्याला जोडायचा जास्तीच्या सोयीचा छोटा प्रोग्रॅम. कोथरूडला शिकवणी घेणाऱ्या माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘यातलं सगळं करून टाकलंय.’ तिच्या साइटवर प्रवेशाचा फॉर्म आहे. मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, सगळं त्यात साठतं. तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो : लाखो लोक वापरतात ते प्लगिन सुरक्षित, नको असलेलं प्लगिन डीॲक्टिव्हेट (बंद) केलं की पुरे, साइट नीट चालत असेल तर अपडेटच्या फंदात पडू नका, महागडं प्लगिन कुठे फुकट मिळालं तर अँटिव्हायरसने तपासून बिनधास्त टाका, आणि छोट्या साइटकडे हॅकर ढुंकूनही बघत नाहीत.

दुसरं सूत्र आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त घात तेच करणार आहे. डीॲक्टिव्हेट केलं की वर्डप्रेस ते प्लगिन लोड करायचं थांबतं, एवढंच. त्याचं फोल्डर सर्व्हरवर, म्हणजे साइट ज्या संगणकावर असते तिथे, जागच्या जागी असतं. त्यातल्या एखाद्या पीएचपी फाइलचा (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या फाइलचा) पत्ता कोणी थेट ब्राउझरमध्ये टाकला, तर सर्व्हर ती फाइल चालवतो. प्लगिन चालू आहे की बंद, हे तो वर्डप्रेसला विचारत नाही. म्हणून जाणकार डेव्हलपर फाइलच्या सुरुवातीलाच ‘वर्डप्रेसमधून बोलावलं नसेल तर इथेच थांब’ अशी एक ओळ घालतात. ती ओळ नसलेली एक फाइल राहिली तरी दार उघडं राहू शकतं.

सप्टेंबर 2020 मध्ये नेमकं हेच झालं. ‘फाइल मॅनेजर’ हे प्लगिन तेव्हा 7 लाखांवर साइटवर होतं. त्यात एलफाइंडर नावाची तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला कोडचा संच) वापरलेली होती आणि तिच्यासोबत नमुन्याची एक कनेक्टर फाइल येते. सर्व्हरने ती चालवू नये म्हणून तिच्या नावाला शेवटी ‘डिस्ट’ असं शेपूट असतं. प्लगिनमध्ये ते शेपूट काढून टाकलं गेलं आणि फाइल चालती झाली. लॉगिन नाही, परवानगीची तपासणी नाही. कोणीही यावं आणि सर्व्हरवर हवी ती फाइल चढवावी. 6.0 ते 6.8 या आवृत्त्यांत हे भोक होतं, ते 6.9 मध्ये बुजवलं. ज्यांनी प्लगिन नुसतं बंद करून ठेवलं होतं, त्यांच्या सर्व्हरवरही ती फाइल तशीच उघडी होती. म्हणून नको असलेलं प्लगिन डिलीट करायचं.

याच घटनेने पहिलं सूत्रही निकालात निघतं. 7 लाख साइट काही कमी नाहीत. प्लगिनला रेटिंगच्या चांदण्या देणारे लोक वापरायला किती सोपं आहे ते बघतात, आतला कोड कोणी वाचत नाही. प्लगिनच्या पानावर बघायचं ते वेगळंच : शेवटचं अपडेट कधी आलं, वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, सपोर्टमधल्या तक्रारींना उत्तरं मिळतात का. मग वर्डफेन्स किंवा पॅचस्टॅक या सुरक्षा कंपन्यांच्या भोकांच्या यादीत प्लगिनचं नाव शोधा. जुनी भोकं सापडली म्हणून लगेच बाद करू नका. ती किती दिवसांत बुजवली ते बघा. ‘अनऑथेंटिकेटेड’ (म्हणजे लॉगिन न करताही वापरता येणारं) असं लिहिलेलं आणि अजून न बुजवलेलं भोक दिसलं, तर मात्र त्या प्लगिनचा विषय संपला. फाइल अपलोड करणारी, नवे यूजर बनवणारी, फाइल एडिट करू देणारी प्लगिन्स जास्त कडकपणे तपासा. चुकलं तर सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

अपडेटबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. अपडेटने साइट मोडते. 2017 मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ हे सुमारे 2 लाख साइटवरचं प्लगिन विकलं गेलं आणि नव्या मालकाच्या अपडेटमधूनच स्पॅम टाकणारा कोड आत आला. म्हणून आधी बॅकअप घ्या, चेंजलॉग (काय बदललं त्याची नोंद) वाचा, मालक बदललाय का बघा, जमल्यास स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) चालवून पाहा. पण सुरक्षेचं अपडेट असेल तर त्याच दिवशी करा. दुरुस्ती बाहेर आली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक कुठे होतं ते कोणालाही कळतं.

फुकटच्या ‘नल्ड’ (परवान्याचं कुलूप तोडून वाटलेल्या) प्लगिनांचं सूत्र तर निव्वळ घातक आहे. वर्डप्रेसची बरीच प्लगिन्स जीपीएल या मुक्त वाटपाच्या परवान्याखाली असतात, त्यामुळे वाटण्याला कायद्याची आडकाठी नसेलही. पण वाटणाऱ्याने आत काय घातलंय? ‘डब्ल्यूपी-व्हीसीडी’ हा मालवेअर (घातक कोड) अशाच फुकट थीम (साइटचं रूप ठरवणारे साचे) आणि प्लगिनांतून पसरला. तो थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये शिरतो आणि त्याच होस्टिंगवरच्या शेजारच्या साइटही धरतो. घरच्या संगणकावरचा अँटिव्हायरस असा पीएचपी कोड पकडेलच याची अजिबात खात्री नाही.

छोट्या साइटचं म्हणाल, तर सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमधल्या ‘रॉ ॲक्सेस’मधून लॉग (साइटवर आलेल्या मागण्यांची नोंद) उतरवून वाचा. तुम्ही कधी बसवलीच नाहीत अशा प्लगिनांच्या पत्त्यांवर आलेल्या मागण्या आणि पुढे 404 (‘असं काही सापडलं नाही’) अशा ओळी दिसतील. बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक डोमेनवर तोच पत्ता ठोठावत जातो. साइट केवढी, कोणाची, हे तो बघत नाही.

ज्यांनी मेसेजप्रमाणे सगळं आधीच केलंय, त्यांनी प्लगिन डिलीट करून थांबू नये, कारण आत टाकलेली फाइल दुसरीकडे राहते. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल शोधा. तिथे फोटो आणि पीडीएफ असायला हवेत, त्यामुळे पीएचपी दिसली तर आधी संशय घ्या. ॲडमिन यूजरांची यादी बघा, अनोळखी नाव उडवा. नल्ड प्लगिन टाकलं असेल, तर साइटचे, डेटाबेसचे आणि होस्टिंगचे पासवर्ड बदला, पण साफसफाई पूर्ण झाल्यावर. आधी बदललेत तर लपलेली फाइल नवेही वाचेल.