'रोज 10 आयडिया लिहा' या फॉरवर्डला माझं उत्तर

आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग भाचीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: रोज सकाळी डायरीत 10 नव्या आयडिया लिहा, हातानेच लिहा म्हणजे कल्पना सुचवणारा उजवा मेंदू जागा होतो, 21 दिवसांत सवय लागते, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा, सहा महिन्यांत तुमचा मेंदू आयडियांचं मशीन होईल, लिओनार्डो दा विंची आणि डार्विन हेच करायचे. बडोद्यात आमच्या ओळखीच्या घरांमध्ये पोरांना शाळेच्या आधी 10 चा आकडा पूर्ण करायला बसवायला लागलेत म्हणून हे लिहितेय. वही ठेवायला माझा अजिबात विरोध नाही, पण या मेसेजमधलं बरंचसं चूक आहे आणि त्याने पोरांना वहीचाच कंटाळा येईल.

उजव्या मेंदूचं लगेच संपवते. 2013 साली अमेरिकेत हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले, त्यात कुणी 'उजव्या मेंदूचा' आणि कुणी 'डाव्या मेंदूचा' असं काही सापडलं नाही. हाताने लिहायला आवडतं तर जरूर लिहा, फोनवर टाइप केलं म्हणून काही बिघडत नाही.

21 दिवसांचा आकडा 1960 सालच्या एका प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून आलाय, त्याचं म्हणणं होतं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान 21 दिवस लागतात. लोकांनी 'किमान' गाळलं आणि आकडा तेवढा उचलला. पुढे लंडनमध्ये 96 लोकांवर अभ्यास झाला, तिथे सवय लागायला सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसामाणसात फरक एवढा की कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब आला. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही. मग सर्दीतापात झोपलेल्या पोराला 'आता पुन्हा एकपासून' म्हणणं हे कशासाठी?

आता डार्विन, कारण इथे मेसेज खरी गोष्ट उलटी करून सांगतो. डार्विनच्या वह्या होत्याच, पण त्या विषयावार होत्या, एकेका अक्षराच्या नावाच्या, आणि 1837 मध्ये सुरू केलेल्या वहीत त्याने ते झाडाच्या फांद्यांसारखं प्रसिद्ध चित्र काढलं. रोज 10 नवे विषय नाहीत, वर्षानुवर्षं तोच एक प्रश्न, की प्राण्यांच्या जाती बदलतात कशा. 1838 मध्ये माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं लोकसंख्येवरचं लिखाण वाचलं तेव्हा त्याला धागा सापडला, आणि पुस्तक आलं 1859 मध्ये. मधल्या काळात तो जुन्या वह्या पुन्हा पुन्हा वाचायचा, उपयोगाची पानं चक्क कापून काढून विषयाप्रमाणे लावून ठेवायचा. लिओनार्डोच्या कागदांतही पाणी कसं वळतं, पक्षी पंख कसे हलवतो अशी बघून केलेली टिपणं नि चित्रं पानोपानी आहेत. दोघंही आधी नीट बघत होते, मग लिहीत होते.

माझा मुख्य मुद्दा हाच. भाचीच्या डायरीतलं मेसेजप्रमाणे भरलेलं पान मी वाचलं: उडणारी सायकल, आपोआप भरणारं दप्तर, होमवर्क करणारा रोबो, मग आकडा भरायचा म्हणून उडणारा स्कूटर. तिची चूक नाही, रिकाम्या डोक्याने आकडा भरायला बसवलं की हेच येणार. आणि त्याच डायरीच्या मागच्या पानावर, कुणी न सांगता लिहिलेलं, खंडेराव मार्केटला आजीबरोबर गेली तेव्हाचं: 'कोथिंबिरीवर ओलं गोणपाट, भाजीवाली मासी सारखं पाणी मारते, गोणपाट वाळलं की कोथिंबीर लगेच मान टाकते. माझ्या बाटलीला चालेल का?' नंतर तिने बाटलीला ओला मोजा घालून गॅलरीत वाऱ्यावर ठेवली, साध्या बाटलीशेजारी, आणि दोन्हींचं पाणी पिऊन बघितलं. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं म्हणून गार होतं, माठाचं तत्त्व तेच, पण तिला ते स्वतःहून सापडलं.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, जास्त सुचवण्याची. एका बैठकीत पहिल्यांदा सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं आणि वेगळं जरा उशिरा येतं, हे मानसशास्त्रात 1950 च्या दशकापासून दिसलेलं आहे. पण ते एकाच प्रश्नावर टिकून बसल्यावर. बाटली गार कशी ठेवायची याचे 10 मार्ग, हो. 10 सुट्ट्या आयडिया, नाही.

आणि सुचल्यावर करणं उरतंच. दादासाहेब फाळके आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, चित्रकला, मॉडेलिंग म्हणजे नमुने घडवणं, पुढे फोटोग्राफी, सगळं हाताने. सिनेमा काढायचं मनात आलं तेव्हा लोकांना पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल कशी वाढते ते थोडं थोडं करून कॅमेऱ्यात घेतलं आणि दाखवलं, तेव्हा कुठे पैसे उभे राहिले. वहीत 'सिनेमा काढावा' असं हजारदा लिहून ते झालं नसतं.

तर ज्यांनी पोरांना डायरी आणून दिलीच आहे त्यांनी 10 चा आकडा काढून टाका. दिवसभरात डोळ्यांनी पाहिलेलं एखादं काहीतरी लिहू दे, नसेल तर पान कोरं राहू दे, रविवारी मागची पानं त्याच्याबरोबर बसून वाचा, आणि त्यातलं जे त्याला करून बघायचंय त्याचं सामान, पुठ्ठा, सुतळी, फेविकॉल, मंगळ बाजारातून आणून द्या.