मुंबईत दानशूर व्हायचंय? मग घाई करू नका

तर तुमच्याकडे पैसा झालाय, चांगला भरपूर झालाय, आणि हल्ली अधूनमधून वाटायला लागलंय की समाजाचं आपण काहीतरी देणं लागतो. छान. अगदी योग्य शहरात आहात, इथली निम्मी हॉस्पिटलं, कॉलेजं, धर्मशाळा, पाणपोया शेटलोकांच्याच नावाने उभ्या आहेत. फक्त नवशिक्यासारखं उठून थेट गरिबाच्या हातात पैसे ठेवू नका, ते फार जुनाट दिसतं.

आधी पैसा कुठून आला याची लाज सोडा. एकोणिसाव्या शतकातले पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय चीनला अफू आणि कापूस पाठवायचे, जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीवाले त्यांचे दोस्त, आणि तिकडे कँटनमध्ये लोक चिलमी ओढून कसे झालेत हे बघायला भायखळ्याहून कोण जाणार होतं. डेव्हिड ससूनही त्याच धंद्यात. पुण्यात कुणी सांगितलं की काकांना ससूनला अ‍ॅडमिट केलंय, तर तुमच्या मनात अफू येते का? नाही ना? मग. तुमचं तर साधं एफएसआयचं, जादा बांधकामाचं प्रकरण आहे.

आता मुख्य मुद्दा, दान कशाला करायचं. इथे जमशेटजींनीच एक चूक करून ठेवलीय ती टाळा. १८२२ साली त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कर्जापायी सडत पडलेल्या गरिबांची कर्जं स्वतः फेडली. माणसं सुटली, घरी गेली, पोराबाळांत बसली, आणि विषय संपला, ना पाटी ना पुतळा. कुणाला आठवतंय? तेच १८४५ ला त्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं, आणि आज पावणेदोनशे वर्षं होऊन गेली तरी अख्खा महाराष्ट्र जेजे जेजे करतोय. आधी १८४२ ला सर, मग १८५७ ला बॅरोनेट, म्हणजे पिढीजात सर, दोन्ही मान मिळालेले ते पहिले भारतीय. थोडक्यात, ज्या दानाला भिंत नाही त्याला पाटी ठोकायची कुठे?

भिंत म्हणजे कुठलीही नव्हे हं. याच जमशेटजींची बेलासिस रोडवर निराधार म्हाताऱ्यांसाठी धर्मशाळा आहे, नुसतं जेजे म्हणून बघा, टॅक्सीवाला थेट हॉस्पिटलच्या गेटवर सोडेल, धर्मशाळा तुम्हालाच विचारत विचारत शोधावी लागेल. पुण्यातही ससूनचं हॉस्पिटल पोराटोरांना माहीत, पण त्याच घराण्याच्या नावाचं डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, नव्या पेठेतलं 'निवारा', ते किती जणांना माहितीये? कारण उघड आहे. म्हातारा माणूस बरा होऊन डिस्चार्ज घेत नाही, पदवी घेत नाही, पुढे जाऊन मुलाखतीत तुमचं नाव काढत नाही, तो नुसता राहतो आणि एक दिवस जातो. असल्या ठिकाणी दरवर्षी भात, चादरी आणि औषधं लागतात आणि चादरीवर नाव किती मोठं छापणार?

त्यापेक्षा मुकी जनावरं बघा. १८३२ मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा मुंबईत चक्क दंगल झाली होती, आणि मग दोनच वर्षांत जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ काढला. कुत्रं तक्रार करत नाही, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकत नाही.

टायमिंगही सांभाळा. कापसाचे आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी शेअरबाजार आभाळाला टेकलेला असताना युनिव्हर्सिटीला चार लाख दिले, त्यातले दोन टॉवरचे आणि दोन लायब्ररीचे. ज्याच्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता ते अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला, १८६५ ला अर्धी मुंबई बुडाली, प्रेमचंदही त्यात आले. पण टॉवर आईच्या नावाने राजाबाई म्हणून उभा तो उभाच. बुडायच्या आधी द्या, नंतर कोण घेतं.

आणि कृपा करून जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाईंसारखा वेडेपणा करू नका. माहीमच्या खाडीत होड्या उलटून माणसं मरत होती, कंपनी सरकार खर्च करेना, तर या बाईंनी खाडीवरून माहीम-वांद्रे रस्ता बांधायला १,५७,००० रुपये काढून दिले आणि वर अट घातली की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. टोल नाही! १८४५ चा हा कॉजवे, आणि जरा पलीकडे २००९ चा सी लिंक बघा, तिथे कशी व्यवस्थित पावती फाडतात. बाईंचं नाव रस्त्याला दिलंय म्हणा, लेडी जमशेटजी रोड, म्हणजे त्यातही नाव नवऱ्याचंच, आणि आपण तर एल. जे. म्हणूनच मोकळे होतो.

तरीही हॉस्पिटलच काढायचं असेल तर ट्रस्ट करा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, सवलती घ्या. एक कटकट आहे, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१एए आणि त्याखालची हायकोर्टाने मंजूर केलेली योजना. १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना सवलतीत, शिवाय बिलातले २ टक्के गरिबांच्या फंडात. घाबरू नका. बोर्ड लावा, पण कुंडीच्या मागे. काउंटरवर एक शांत चेहऱ्याची मुलगी बसवा जी तहसीलदाराचा दाखला आणा, रेशनकार्ड आणा, झेरॉक्स नाही ओरिजिनल आणा असं न रागावता सांगेल, आणि सगळं आणलं की तितक्याच शांतपणे सांगेल की खाटा फुल आहेत.

मग तो माणूस तुमच्याच गेटबाहेर हात पसरून बसला तर? त्याचीही सोय आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा, पोलिसांनी धरलं की एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, परत परत सापडला तर दहा वर्षंसुद्धा. त्याने मागितलं तर हा कायदा, तुम्ही दिलं तर प्राप्तिकरात सवलत. पावती मात्र जपून ठेवा, मार्चमध्ये सीए डोकं खातो.