उघडा चिखल ओसाड नसतो

ठाणे खाडीलगतच्या बांधकामांचा विषय निघाला की एक संदेश हमखास फिरू लागतो: ‘कांदळवन राखले की पुरे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल ही मृत, दुर्गंधीची जागा आहे, तिथे काही उगवत नाही, म्हणून तिच्यावर भराव घातल्याने काहीच बिघडत नाही.’

‘काही उगवत नाही’ हे मुळातच चूक आहे. दिवसा ओहोटी लागल्यावर थोड्याच वेळात करडा चिखल जागोजागी सोनेरी-तपकिरी दिसू लागतो. ती डायटम नावाच्या एकपेशीय शेवाळांची साय असते. सिलिकाच्या कवचातले हे जीव चिकट द्रव सोडत मातीच्या कणांमधून सरकतात, उजेडात वर येतात आणि भरतीचे पाणी पोहोचण्याआधी पुन्हा खाली जातात. चिखलावर भिंग पुसण्याचा पातळ कागद अंथरून ठेवला, तर वर येता येता ते त्यात शिरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली होडीच्या आकाराच्या पेशी पुढे-मागे सरकताना दिसतात. अभ्यासक त्यांना मातीपासून याच युक्तीने वेगळे करतात. हे पीक जेमतेम काही मिलिमीटरच्या थरात वाढते, तरी काही खाड्यांमध्ये एकूण प्राथमिक उत्पादनाचा, म्हणजे सूर्यप्रकाशावर तयार होणाऱ्या अन्नाचा, निम्म्यापर्यंत वाटा त्याचा असल्याचे आढळले आहे.

दुर्गंधी खरी आहे, पण हायड्रोजन सल्फाइडचा तो वास खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरातला असतो. वरच्या थरात हेच शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि खालून झिरपणारी पोषक द्रव्ये पाण्यात मिसळण्याआधी शोषून घेते.

‘कांदळवन राखले की पुरे’ हा भाग सर्वांत फसवा, कारण तो निसर्गाच्या बाजूने बोलल्यासारखा वाटतो. कांदळवनातल्या तिवराचे गळलेले पान कुजून खाण्याजोगे व्हायला वेळ लागतो. डायटम मात्र स्निग्धांशासकट जसेच्या तसे खाल्ले जातात. निवटी हा चिखलावर वावरणारा मासा डोके डावी-उजवीकडे हलवत ही साय खरवडते, बोय मासा भरतीबरोबर येऊन तीच खातो आणि छोटे रोहित (फ्लेमिंगो) चोचीतल्या गाळणीने डायटम व नीलहरित शेवाळ टिपतात. (रोहितांची गर्दी म्हणजे खाडी निरोगी, असे मात्र मानू नये, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरही शेवाळ पोसते.) त्यामुळे उघड्या चिखलावर तिवरांची रोपे लावून ‘भरपाई’ केल्याचा दावाही मला पटत नाही, कारण झाडांची सावली दाटली की या शेवाळाचा उजेडच तुटतो.

राहिला भराव. गाळाचा पातळ थर बसला तर डायटम त्यातून वर येऊ शकतात, मीटरभर मुरमाखालून नाही. शिवाय त्यांचा चिकट द्रव मातीचे कण बांधून ठेवतो आणि लाटांनी होणारी धूप कमी करतो. साय गेली की ही पकडही जाते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे कांदळवनांच्याच, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या १-अ वर्गात ठेवले आहेत.